जुना बैल, नवा गोऱ्हा

गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "तिकडं ऊन कसं हाय बे?" यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसानं अबुधाबीतल्या माणसाला उन्हाचं विचारावं, म्हणजे कमालच. ऊन सारखंच आहे बाप्पा. फक्त इथं समुद्रामुळं हवा दमट, घाम वाळतच नाही. त्यात अंगावर आगीत घुसायचा जाड कोट, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर हवेचं सिलिंडर, असं वीसेक किलोचं ओझं. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला इथं सरकारी मनाई असते. ती आगीला कोणी कळवलेली नाही. सराव मात्र आम्ही उजाडायच्या आत उरकतो.

मी अबुधाबीतल्याच रुवैसकडं असतो, तेलाच्या टाक्यांच्या राखणीला. आधी नुसता फायरमन होतो, आता नव्या पोरांना शिकवतो. "आग विझवायला काय शिकायचं, पानी मारलं का झालं," असं आमचा चुलता म्हणतो. त्याला मी कढईतल्या भज्यांचं उदाहरण देतो. उकळत्या तेलात पाण्याचा थेंब पडला तर काय होतं, ते काकूला विचार. पाण्याची वाफ झाली की ती सतराशे पट जागा मागते. कच्च्या तेलाची टाकी बराच वेळ जळत राहिली आणि आच तळाशी साचलेल्या पाण्यापर्यंत उतरली, तर जळतं तेल टाकीबाहेर उसळतं. म्हणून तिथं फेस वापरायचा, आणि किती अंतरावर उभं राहायचं ते आधी ठरवायचं. चुलता ऐकतो नि म्हणतो, "म्हंजे फेसच ना शेवटी?"

सुरुवात नागपूरची. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1956 मध्ये रामपूरला निघालं आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आलं. आम्हा खेड्यातल्या पोरांना त्याचा पत्ता गावातल्या कोणीतरी भरती झालेल्याकडूनच कळायचा. तिथं 14 एप्रिलचा दुसरा अर्थ समजला. गावात त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती, निळे झेंडे, रात्री मिरवणूक. कॉलेजात सकाळी त्याच तारखेला सगळे गणवेशात गप्प उभे. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली आणि स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जण गेले. स्फोटकांच्या जोडीला जहाजात कापसाच्या गाठी होत्या, हे ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. माझा बाप हंगामात जिनिंगला जायचा. गाठ वरून विझते, आत धुमसत राहते, दोन दिवसांनी पुन्हा धूर काढते, हे मी त्याच्याकडून ऐकलेलं. जहाजाच्या पोटातली तीच आग ती माणसं दोन तास पाणी मारून विझवत होती, आणि शेजारीच स्फोटकं भरलेली.

इथं माझ्या तुकडीत केरळचे दोघं, एक फिलिपिनो, एक पठाण, एक श्रीलंकेचा. एकमेकांची भाषा धड कोणाला येत नाही. पण धुरात शिरायच्या आधी प्रत्येक जण दुसऱ्याच्या मानेमागचा पट्टा, मुखवट्याची कड, सिलिंडरचा काटा हातानं तपासतो. भांडण झालेलं असलं तरी तपासतो. दारात एक फळा असतो. नावाचा बिल्ला काढून त्याला लावायचा. किती वाजता आत गेला, हवा किती, बाहेर केव्हा यायला हवं, हे तिथला माणूस लिहीत बसतो. हवा संपत आली की शिट्टी वाजते, पण शिट्टीची वाट पाहणारा माझ्याकडून नापास. आत कायम दोघं. एकट्यानं जायचंच नाही, आणि एकाला निघावं लागलं तर दुसराही निघतो.

अंगावर आणखी एक यंत्र असतं. माणूस अर्धा-एक मिनिट हलला नाही की ते बोंबलायला लागतं, म्हणजे बेशुद्ध पडलेला सापडतो. त्यामुळं रांगेत नुसतं उभं राहायचं असलं तरी दर थोड्या वेळानं सगळे कंबर हलवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्याकडची वरात आठवली.

सुटीच्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर रोडगे लावतो. गोवऱ्या कुठून आणणार, कोळशावरच. पठाणाला वांग्याची भाजी आवडते, फिलिपिनो ठेचा खाऊन रडतो आणि परत मागतो. आठवडाभर काडेपेटीसुद्धा खिशात चालत नाही अशा ठिकाणी काम करणारी माणसं त्या दिवशी विस्तवाभोवती किती वेळ बसून राहतात, हे पाहण्यासारखं असतं.

मागच्या चैत्रात सुटीवर होतो. दुपारी गोठ्यामागं रचलेल्या पऱ्हाटीनं, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांनी, पेट घेतला. गाव धावलं. बादल्या, हंडे, फवारणीचे पंप, ज्याला जे सापडलं ते. अग्निशमनची गाडी लांबून यायची, तोवर आपणच. मी आधी लाइनमनला फोन लावून डीपीवरनं वीज बंद करायला सांगितली. मग ट्रॅक्टर आणवला आणि पऱ्हाटी नि कुटाराच्या ढिगाच्या मध्ये नांगराचा पट्टा मारायला लावला. तेवढ्यात शेजारचा पोट्टा, असेल एकोणीस-वीसचा, ओला गमछा तोंडाला बांधून गोठ्यात घुसला. एकटा. बैल बांधलेले होते.

मी दारात उभा राहून त्याचं नाव घेत राहिलो. इथं मी पोरांना सेकंद मोजायला शिकवतो, तिथं मला एकही आकडा आठवला नाही. तो दोन्ही बैल सोडून आला, भुवया जळालेल्या. मी त्याच्यावर इतका ओरडलो, की त्याच्या आईनंच मला गप्प केलं.

रात्री ओट्यावर तो म्हणाला, "काका, तुमच्याकडं जोडीनं जातेत म्हंता. मंग म्या कोनाची वाट पाहू? बैल मेले असते." उत्तर सुचलं नाही. शेवटी त्याला माझ्या बापाचंच सांगितलं. नवा गोऱ्हा औताला घेताना बाप त्याला जुन्या बैलासोबतच जुंपायचा. गोऱ्हा ओढाळ, जुना त्याला वेग धरायला लावायचा. आता मी इथं तो जुना बैल आहे, आणि मागची काही वर्षं गोऱ्हे बदलत राहतात.

सुटीचे उरलेले दिवस आम्ही शाळेमागं सराव केला. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक बाहेरच्याच्या हातात, ओलं पोतं, आणि जमिनीलगत सरपटणं, कारण धूर वर असतो. पोरं हसत होती, पण शिकली.

परवा त्याचा फोन होता. दोर घेतला म्हणाला, पन्नास फुटी. "पन काका, टोक धरायले कोन? दोघं पुण्याले गेले, एक नागपूरले. जोडीले म्हातारेच रायले."

"चुलत्याले धरायले लाव," मी म्हणालो.

"तो दोर सोडून पानी मारायले पळते."