तुम्ही विचारलंत म्हणून: 'पिक अप' म्हणजे नेमकं काय?

"'पिक अप'चा अर्थ एकदाच काय तो सांगून टाका ना." मोठ्यांना इंग्रजी शिकवते तेव्हापासून हा प्रश्न मला प्रत्येक तुकडीत कुणी ना कुणी विचारतंच. अनुवादाच्या कामामुळे ओळख झालेले लोकही विचारतात. शब्दकोशात पहिला अर्थ सापडतो 'उचलणे', आणि तो वहीत उतरवून माणूस निश्चिंत होतो. पुढच्याच पानावर गाडी 'पिक अप स्पीड' करते, आणि वेग कसा उचलायचा, इथे गाडं अडतं.

एकदाच सांगता येईल असा अर्थ त्याला नाही, हे माझं खरं उत्तर. पुढे कोणतं नाम येतं त्यावर तो ठरतो. पण एवढ्यावर सोडलं तर विचारणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जिथे आपलं 'उचलणं' बिनधास्त चालतं ती नामं बघा. पेन उचलला, फोन उचलला, रडणाऱ्या बाळाला उचललं. इथे दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. इतकंच काय, दुसऱ्याच्या वाटचं बिल 'पिक अप' केलं तर आपण म्हणतो, त्याने सगळा खर्च उचलला. पोलिसांनी एखाद्याला 'पिक अप' केलं तर, पोलिसांनी त्याला उचलला. लहान मूल नवे शब्द पटापट उचलतं, हेही दोन्हीकडे सारखं.

घात होतो तो या सारखेपणामुळेच. तीन-चार ठिकाणी जुळलं की पाचव्या ठिकाणीही जुळेल असं आपण धरून चालतो. एका अनुवादाच्या मसुद्यात मी वाचलं होतं, 'त्याने आईला स्टेशनवरून उचललं.' मूळ वाक्यातला मुलगा आईला घ्यायला गेला होता. मराठीत वाचताना मात्र आई फलाटावर चक्कर येऊन पडली असावी, नाहीतर तिला कुणी पळवून नेलं असावं असं वाटतं. माणसाच्या बाबतीत इंग्रजीतही जपून राहावं लागतं. मुलीला शाळेतून 'पिक अप' करणं म्हणजे तिला घरी आणणं. अनोळखी बाईला पार्टीत 'पिक अप' करणं म्हणजे सलगीच्या हेतूने ओळख काढणं. क्रियापद तेच, पण पुढचं माणूस आणि जागा बदलली की वाक्याची नियत बदलते.

'कल्पना' हे नामही असंच. इंग्रजीत एखादी कल्पना कुठूनतरी 'पिक अप' केली असं कुणी म्हणालं तर त्यात गैर काही नसतं. वाचता-बोलता ती त्याला मिळाली, एवढंच. मराठीत मात्र 'त्याने ती कल्पना उचलली' म्हटलं की सरळ चोरीचा आरोप होतो.

आता ज्या प्रश्नाने मला स्वतःला नीट विचार करायला लावलं तो सांगते. वर्गात एक परिचारिका होत्या, परदेशी नोकरीसाठी परीक्षेची तयारी करत होत्या. सरावाच्या उताऱ्यात एक वाक्य होतं: रुग्णाने इस्पितळात संसर्ग 'पिक अप' केला. त्या अस्वस्थ झाल्या. म्हणाल्या, "मॅडम, तो तर खाटेवर पडून होता. त्याने काय उचललं? हे तर त्याच्यावरच ढकलल्यासारखं झालं."

त्यांचा कान अगदी बरोबर होता. आपण म्हणतो, रुग्णाला संसर्ग झाला. त्याला सर्दी झाली, तिला सवय लागली, मला ती भाषा येते, कुत्र्याला वास लागला. मराठीत या सगळ्या गोष्टी माणसाकडे येतात. माणूस 'ला' लावून बाजूला उभा असतो, क्रिया त्या गोष्टीची असते. इंग्रजीत नेमक्या याच ठिकाणी माणूस कर्ता होतो आणि त्याच्या पुढे 'पिक अप' येतं. सर्दी, सवय, उच्चारांची ढब, वास, सगळं तोच 'उचलतो'. पण करणं असं त्यात काही नसतं. कर्त्याची जागा फक्त व्याकरणाने दिलेली असते, दोष कुणी देत नाही. हे कळल्यावर बाईंचा चेहरा निवळला. माझ्याही मनात तेव्हाच ते पहिल्यांदा इतकं स्वच्छ झालं. आता कुणी विचारलं की मी 'उचलणे'च्या शेजारी लगेच 'लागणे' लिहायला सांगते. सवय लागणे, सुगावा लागणे, गुण लागणे. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला आणि वाण नाही पण गुण लागला, तो गुण पवळ्याने इंग्रजीत 'पिक अप'च केला असता.

म्हणूनच 'लर्न' आणि 'पिक अप' यांत फरक आहे. भाषा 'लर्न' करणाऱ्याने पुस्तक उघडलेलं असतं, वेळ दिलेला असतो. 'पिक अप' करणाऱ्याच्या ती कानावर पडत गेली आणि जाता-येता अंगवळणी पडली. वर्षानुवर्षं खपून मिळवलेल्या पदवीसोबत 'पिक अप' लावलं तर त्या कष्टांचा मान जातो.

तिसरा मराठी शब्द मला फार प्रिय आहे: टिपणे. पक्षी दाणे टिपतो, टीपकागद शाई टिपतो, चांगला वाचक बारकावे टिपतो. रेडिओने सिग्नल 'पिक अप' केला, मायक्रोफोनने कुजबुज 'पिक अप' केली, अशा वाक्यांना हाच शब्द हवा. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जो भाग बसवलेला असतो त्याचं नावच पिकअप. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते, आणि ॲम्प्लिफायर तिचा आवाज करतो. तारेचं कंपन टिपणारी ही वस्तू एकदा नीट पाहिली की 'पिक अप'ची ही छटा पाठ करावी लागत नाही.

राहिला वेग. इथे आपण गाडीने वेग घेतला किंवा पकडला म्हणतो. इंग्रजीत कर्म गाळूनही हे क्रियापद चालतं: वारा 'पिक अप' झाला म्हणजे वाऱ्याने जोर धरला, विक्री 'पिक अप' झाली म्हणजे विक्री वाढू लागली. 'जुन्या दुखण्याने पुन्हा उचल खाल्ली' म्हणताना आपणही 'उचल' असंच वापरतो, फक्त सहसा नको असलेल्या गोष्टींसाठी. आणि 'गाडीला पिकअप नाही' असं कुणी म्हणालं तर आता त्याचा अनुवाद करायची गरजच नाही, ते आपलं झालं आहे.

रचनेबद्दल थोडंसं. पेन असेल तर 'पिक अप द पेन' आणि 'पिक द पेन अप' दोन्ही चालतात. पेनऐवजी सर्वनाम आलं की फक्त 'पिक इट अप'. 'स्पीड' मात्र सहसा 'अप'च्या मागेच येतो, मध्ये शिरत नाही.

हे अवघड जातं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं आहे की क्रियापदामागे असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत परक्यांना सगळ्यात कठीण जाते. दोनशे वर्षांनी, 1957 मध्ये, जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने सांगितलं की शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा. अशा संगतीला तो 'कोलोकेशन' म्हणायचा. माझ्या वर्गात वहीचं पान त्याच नावाने सुरू होतं. डावीकडे 'पिक अप' एकदाच, त्याखाली नामं एकेका ओळीवर, आणि प्रत्येकासमोर त्या नामाला मराठीत शोभणारं क्रियापद. ओळीत एकटं क्रियापद लिहायला मी परवानगी देत नाही. आणि आपल्याकडे हे नाही असं कुणी म्हणालं की 'काढणे' घ्यायला सांगते: चित्र काढणे, झोप काढणे, कर्ज काढणे, आठवण काढणे, समजूत काढणे, खोडी काढणे. यांतलं एकही आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. ती आपण 'पिक अप' केली.

माझ्या स्वतःच्या पानावरची एक ओळ मात्र फार दिवस कोरी होती: 'पिक अप द पीसेस'. एका कथेत वडील गेल्यानंतर थोरली बहीण हे करते. मी आधी 'तुकडे गोळा केले' लिहिलं. ते काच फुटल्यासारखं वाटत होतं. मग 'घडी बसवली' लिहून पाहिलं, पण तेवढी घडी कथेत बसलेलीच नव्हती. तिसऱ्या खर्ड्यात 'तिने घर सावरलं' हे तीन शब्द आले आणि मी पुढच्या परिच्छेदाकडे वळले.