रिटेन्शन होल्स्टर, नोंद ३: स्क्रू सैल केला आणि अडणं थांबलं

जुळणी तीच: ग्लॉक १९, पाचवी पिढी, त्यावर दिवा नाही, रेड डॉट (लाल ठिपक्यानं नेम धरायचं भिंग) नाही. होल्स्टर रिटेन्शनचं, म्हणजे अडसर सोडवल्याशिवाय पिस्तूल बाहेर न येणारं, आणि पट्ट्यावर बाहेरून लावायचं. त्यात दोन अडसर आहेत: इजेक्शन पोर्टमध्ये (रिकामी पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीत) अडकणारं आतलं लॉक, जे अंगठ्याच्या खटक्यानं सुटतं, आणि स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या) मागच्या टोकावर येणारा फिरता हुड. मागच्या नोंदीत दोन तक्रारी उरल्या होत्या. पिस्तूल आत खडखडत होतं, आणि घाईत काढताना लॉक मध्येच अडत होतं. खडखड थांबावी म्हणून घर्षणाचे दोन्ही स्क्रू आवळले, तर अडणं आणखी वाढलं.

कारण कळलं की गंमत वाटते. स्क्रू आवळला की ट्रिगर गार्डजवळ (चापाभोवतीच्या कड्याजवळ) होल्स्टरच्या दोन भिंती पिस्तुलाला चिमटीत धरतात. तिथे हे पिस्तूल किंचित वर उचललेलं राहत होतं, त्यामुळे पोर्टची कड लॉकच्या दातावर सतत दाबलेली. दातावर दाब असताना खटका जड जातो. त्यात हात वर ओढायला लागला की दाब आणखी वाढतो आणि लॉक सुटतच नाही. लॉक असलेल्या होल्स्टरमध्ये पिस्तूल धरून ठेवायचं काम लॉकचं. स्क्रूनं फक्त खडखड थांबवायची. निव्वळ घर्षणावर चालणाऱ्या कायडेक्सच्या (कडक प्लॅस्टिकच्या) होल्स्टरचा हिशेब वेगळा, तिथे स्क्रू हाच सगळा आधार. दोन्हींना एकच नियम लावल्यानं हा घोळ होतो.

दुरुस्तीचा क्रम असा. आधी पिस्तूल रिकामं: मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे अडकवून चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटानंही तपासलं, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग दोन्ही स्क्रू रबरी वॉशर नुसता टेकेल इतके सैल. तिथून एकेक पाव फेरा आवळायचा, दर पाव फेऱ्याला दहा वेळा काढून-घालून बघायचं. खडखड थांबली तिथेच थांबायचं. इथे वरचा स्क्रू दीड फेऱ्यावर आणि खालचा एका फेऱ्यावर स्थिरावला. स्क्रूच्या डोक्यावरून होल्स्टरवर रंगाची एक बारीक रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला असं समजायचं. थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप फिरू नये म्हणून लावायचा द्रव) लावायचा तर निळा, तोही स्क्रू बाहेर काढून, धातूच्या आट्यांवरच एक ठिपका. हा द्रव प्लॅस्टिकवर ओघळला तर काही प्लॅस्टिकना ताणाच्या जागी तडे जातात, आणि तडा नेमका स्क्रूच्या भोकापाशी जातो.

अडण्याचं दुसरं कारण पट्टा. होल्स्टरची खाच ४५ मिमीच्या पट्ट्यासाठी, पट्टा ३८ मिमीचा. या ७ मिमीच्या फटीमुळे काढताना होल्स्टर आधी पिस्तुलाबरोबर वर सरकतं, मग एकदम थांबतं, आणि त्या झटक्यात दात पुन्हा दाबला जातो. खाचेत भरीचा तुकडा बसवला. पट्टाही दुहेरी थराचा, ताठ घेतला. मऊ पट्ट्यावर मूठ शरीरापासून बाहेर कलंडते, आणि मग कितीही चांगलं होल्स्टर ढिलंच वाटतं. ज्यांना होल्स्टर बदलायचंय त्यांनी आधी पट्टा बदलून बघावा.

तपासणी अशी केली. मॅगझिनमध्ये १५ डमी काडतुसं, खऱ्या गोळीच्या वजनाची. प्लॅस्टिकच्या हलक्या डमी इथे उपयोगाच्या नाहीत, कारण भरलेलं मॅगझिन जवळपास पाव किलोची भर घालतं. लॉक लावून, हुड उघडा ठेवून, गादीवर उलटं धरून जोरात हलवलं. पडलं नाही. मग कमरेला लावून दुसऱ्या माणसानं मूठ धरून पूर्ण ताकदीनं ५ सेकंद सगळ्या दिशांना ओढलं. होल्स्टर घडवणारे बिल रॉजर्स यांनी रूढ केलेली कसोटी हीच: लेव्हल १ म्हणजे ही पाच सेकंदं टिकणं, लेव्हल २ म्हणजे पहिला अडसर उघडल्यावरही पुन्हा टिकणं. मात्र बाजारातले सगळेच निर्माते ‘लेव्हल’ हा शब्द याच अर्थानं वापरत नाहीत. काही जण नुसती खटक्यांची संख्या मोजतात. डब्यावरच्या आकड्यापेक्षा कुठला भाग पिस्तुलाच्या कुठल्या जागी अडतो ते विचारावं.

काढण्याचा क्रम आता पक्का: मूठ पूर्ण आणि उंच धरायची, अंगठ्यानं हुड खाली दाबून पुढे ढकलायचा, तोच अंगठा मागे आणून खटका शरीराकडे, आणि मगच वर. ओढ शेवटी. तर्जनी होल्स्टरच्या बाहेरून सरळ, स्लाइडला समांतर. तर्जनीच्या टोकानं दाबायच्या बटणाचं होल्स्टर या कामासाठी विचारातच घेतलं नाही: घाईत तेच दाबणारं बोट पिस्तुलाबरोबर घसरत थेट चापावर येऊ शकतं.

परत घालणं हे काढण्यापेक्षा जोखमीचं. साध्या ग्लॉकला अंगठ्यानं लावायचा सेफ्टी खटका नसतो. चाप मागे दाबला की संपलं, मग तो बोटानं दाबो वा जाकिटाच्या नाडीच्या गाठीनं. म्हणून ट्रिगर गार्ड दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलेला हवा आणि तिथलं आवरण बोटानं दाबून वाकता कामा नये. जुन्या, मऊ पडलेल्या चामड्याच्या होल्स्टरची घडी तोंडातून आत वळून चाप दाबल्याचे प्रकार घडलेले आहेत. तोंड आपणहून उघडं राहत नसेल तर ते होल्स्टर बाद. घालताना कपडा बाजूला, नजर तोंडावर, सावकाश. टक् असा आवाज आला की मूठ वर ओढून खात्री, आणि मग हुड बंद. मध्येच काही अडलं तर जोर लावायचा नाही, बाहेर काढून बघायचं.

मॉडेल जुळवण्याबद्दल वारंवार विचारणा होते, म्हणून थोडक्यात: ग्लॉक १९ बहुधा ग्लॉक १७च्या, म्हणजे थोड्या लांब मॉडेलच्या, होल्स्टरमध्ये बसते. उलट केलं तर १७ची नळी खालून बाहेर येते, आणि खालचं टोक बंद असेल तर ती बसतच नाही. पाचव्या पिढीच्या ग्लॉक २२ आणि २३ची स्लाइड आधीच्या पिढ्यांपेक्षा रुंद आहे, जुनं होल्स्टर गृहीत धरू नये. दिव्याच्या पिस्तुलासाठी घडवलेलं होल्स्टर बऱ्याचदा दिव्यालाच धरतं, तेव्हा दिवा काढला की पकडही जाते.

उरलेलं काम: जाड हातमोजे घालून खटका चुकतो का ते बघणं, आणि ५०० वेळा काढून-घालून झाल्यावर रंगाची रेघ आणि दाताची कड पुन्हा तपासणं.