पाण्याचे किती?

“काका, पाण्याचे किती झाले?”

नागपूरच्या बर्डीवर तर्री-पोहे खाऊन झाल्यावर जर्मनीहून सुट्टीत आलेल्या भाचीनं विचारलं. ठेलेवाल्या काकांचा हात थांबला.

“पाण्याचे पैसे घेते का कोणी, बेटा?”

चिडून नाही, दुखावल्यासारखे बोलले. आणि तिचा पेला पुन्हा भरला.

तिचंही खरंच. तिकडे हॉटेलात पाणी मागवलं की बाटली येते, बरेचदा बुडबुड्यांची, आणि बिलात लागते. कधीकधी बिअरपेक्षा महाग! शेजारच्या फ्रान्समध्ये मात्र जेवणासोबत नळाचं पाणी फुकट द्यायचा नियमच आहे.

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा चौकात पाणपोईचे माठ मांडणारी माणसं मला फार मोठी वाटतात. तुमच्या गल्लीत यंदा पाणपोई लागली का?