झटक्यानंतरची वर्षे आणि घराजवळचा डॉक्टर

अर्धांगवायूचा झटका आल्यावर काय करावे, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. तोंड वाकडे झाले, हात उचलेनासा झाला किंवा बोलणे अडखळू लागले, की वेळ न दवडता सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठायचे, कारण मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्या साडेचार तासांबद्दल पुष्कळ लिहिले जाते आणि ते लिहिले जायलाच हवे. मला मात्र त्यानंतरच्या वर्षांबद्दल लिहायचे आहे. माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या आजारपणात आमच्या घराने ती वर्षे काढली आहेत, आणि त्या काळात आम्हाला खरा आधार दिला तो लालबागच्या आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर दवाखाना असलेल्या एका फॅमिली डॉक्टरांनी.

रुग्णालयाने अण्णांचा जीव वाचवला, त्याबद्दल आमच्या मनात कायम कृतज्ञता आहे. पण घरी येताना हातात पडलेल्या डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी, ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’ ही एक ओळ आणि पुढची तारीख, एवढेच होते. सामाईक संडास गॅलरीच्या टोकाला असताना एक अंग लुळे पडलेल्या माणसाला तिथवर न्यायचे कसे, पाणी पिताना ठसका लागतो त्याचे काय करायचे, रात्री कुशीवर किती वेळाने वळवायचे, यांतले काहीही त्यावर नव्हते. ओपीडीत केसपेपर काढून, तासन्‌तास रांगेत बसून, शेवटी डॉक्टरांसमोर मिळणाऱ्या चार मिनिटांत हे सगळे विचारणे शक्यही नव्हते. तिथे पुढचा रुग्ण दारात उभाच असतो.

अण्णा घरी आल्यानंतर थोड्याच दिवसांत डॉक्टर त्यांना पाहायला आले, तेव्हा अण्णा नेमके जेवायला बसले होते. अण्णांची भूक मंदावली आहे, त्यांच्या आवडीची खोबऱ्याची चटणी आणि कोशिंबीर रोज तशीच उरते, अशी आईची तक्रार होती. डॉक्टरांनी ताटाकडे निरखून पाहिले. उजवीकडची भाजी आणि आमटी संपली होती, भाताची मूदही उजव्या अंगाने खाल्लेली होती, आणि डावीकडच्या चटणीला, कोशिंबिरीला, लिंबाच्या फोडीला हातसुद्धा लागलेला नव्हता. त्यांनी काही न बोलता ताट अर्धे फिरवले. अण्णांनी चटणीला बोट लावले आणि आईला म्हणाले, “चटणी केली होतीस? मग आधी का नाही वाढलीस?”

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, की कित्येकदा डाव्या अंगाची ताकद तर जातेच, शिवाय डाव्या बाजूचे भानही जाते. डोळे शाबूत असले तरी त्या बाजूला काही आहे याची जाणीवच मेंदूला राहत नाही. अण्णा दाराच्या चौकटीला डावा खांदा का आपटतात आणि पेपर वाचताना “काहीच्या बाही छापतात” म्हणून का चिडतात, याचा उलगडा आम्हाला त्या दुपारी झाला. ते प्रत्येक ओळ मधूनच वाचत होते, त्यामुळे अर्थ लागत नव्हता, आणि आम्ही मात्र त्यांच्या बुद्धीवर परिणाम झाला असे समजून मनातून खचलो होतो. डॉक्टरांनी पानाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावायला सांगितली आणि ती पट्टी दिसेपर्यंत मान वळवून मगच ओळ सुरू करायची, अशी सवय अण्णांना लावून घ्यायला सांगितली. रुग्णालयात अण्णांना खाटेवर कोणी ना कोणी भरवत असे, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात येणे अवघडच होते. घरी येऊन, जेवणाचे ताट पाहणाऱ्या माणसालाच ते दिसले.

औषधांच्या बाबतीतही हाच अनुभव आला. एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाला तो पुन्हा येण्याचा धोका कायम राहतो, आणि एकूण झटक्यांपैकी साधारण चौथा हिस्सा हा असा पुन्हा आलेल्यांचाच असतो. म्हणून रक्तदाबाची, रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते, आणि घरोघरी नेमकी इथेच ढिलाई होते. बीपी नॉर्मल आले, आता गोळी कशाला, असे सांगणारे नातेवाईक आमच्याकडेही आले. कबुतराच्या रक्ताने मालीश करा म्हणणारेही भेटले. डॉक्टर कुणाला हिणवत नसत. “अण्णा, गोळी घेताय म्हणून नॉर्मल आहे,” एवढेच ते शांतपणे सांगत आणि पुढच्या वेळी येताना चिठ्ठी न आणता गोळ्यांची रिकामी पाकिटे घेऊन या, असे बजावत. रक्तदाब १३०/८० च्या खाली राहावा असा त्यांचा प्रयत्न असे, पण उभे राहिल्यावर तो फार उतरून अण्णांना भोवळ तर येत नाही ना, हेही ते तपासत. मनगट धरून पूर्ण मिनिटभर नाडी मोजण्याचा त्यांचा शिरस्ता होता. हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले तर तिथे गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते आणि मग रक्त पातळ करणारे औषधच वेगळे द्यावे लागते, हे त्यांनी मला समजावून सांगितले होते.

शरीराची निगा हा तर स्वतंत्र विषय आहे. लुळ्या हाताला धरून माणसाला उठवले तर खांदा निखळू शकतो, म्हणून कमरेला रुंद पट्टा बांधून उठवायचे. जिना चढताना आधी चांगला पाय आणि उतरताना आधी अधू पाय, हा नियम अण्णांनी पाठ केला होता. पाऊल लोंबकळू नये म्हणून लागणाऱ्या स्प्लिंटसाठी डॉक्टरांनी आम्हाला हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत पाठवले. १९५५ साली सुरू झालेली ही संस्था आमच्यापासून फार लांब नाही, पण तिसऱ्या मजल्यावरून लाकडी जिन्याने अण्णांना खुर्चीसकट खाली आणायला चाळीतली दोन तरणी मुले लागत, आणि ती दोघे कामावर असली की सगळाच बेत रद्द करावा लागे. लिफ्ट नसलेल्या इमारतींत राहणाऱ्या किती रुग्णांचे व्यायाम केवळ याच कारणाने सुटत असतील, याचा विचार आला की फार वाईट वाटते. ज्यांची वाचा गेली आहे त्यांच्यासाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, पण तिथेही आधी घरातून खाली उतरता आले पाहिजे.

पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते आणि मग तिचा वेग मंदावतो. नातेवाइकांचे येणे-जाणे नेमके याच सुमारास कमी होते. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले, व्यायामाला नाही म्हणू लागले, आणि वयोमानाने असे होतेच असे धरून आम्ही ते सोडून दिले असते. डॉक्टरांनी सरळ विचारले, “अण्णा, जगण्यात गोडी वाटते का?” अण्णा बराच वेळ रडले. झटका आलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना नैराश्य येते आणि ते औषधाने व समुपदेशनाने आटोक्यात येऊ शकते, हे तोवर आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. त्याच दिवशी त्यांनी आईचेही बीपी घेतले, ती रात्री किती झोपते ते विचारले, आणि आठवड्यातून काही रात्री रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोचा माणूस ठेवा, असे आम्हा भावंडांना जरा कडक शब्दांतच सांगितले. आईला आराम मिळाला नसता तर आमच्या घरात दोन रुग्ण झाले असते.

आमचे नशीब चांगले म्हणून असे डॉक्टर लाभले. पण जुने फॅमिली डॉक्टर निवृत्त होत आहेत, त्यांचे गाळे विकले जात आहेत, आणि या शहरात कुणाच्या नशिबावर ही देखभाल सोडून चालणार नाही. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार झटका आलेल्या रुग्णाचा सहा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी पूर्ण आढावा घ्यायचा असतो. त्यात औषधांबरोबर मनःस्थिती, दैनंदिन व्यवहार आणि काळजी घेणाऱ्या माणसाची अवस्था यांचीही चौकशी अपेक्षित असते. महापालिकेने २०२२ पासून सुरू केलेले ‘आपला दवाखाना’ वस्त्यावस्त्यांत पोहोचले आहेत आणि आरोग्यसेविका आधीपासूनच घरोघर फिरत आहेत. पालिकेच्या रुग्णालयातून सुटी मिळालेल्या प्रत्येक अर्धांगवायूच्या रुग्णाचे नाव त्याच्या घराजवळच्या दवाखान्याला कळवावे, आरोग्यसेविकेने महिन्यातून एकदा घरी जाऊन बीपी मोजावे आणि गोळ्या पाहाव्यात, आणि प्रत्येक प्रभागात जिने चढून घरी येणारा एक फिजिओथेरपिस्ट असावा, अशी माझी मागणी आहे. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, मिळू शकते, हे सांगण्याचे कामही त्याच दवाखान्याने करावे. आम्हाला ते शेजाऱ्यांकडून कळले, तेही बऱ्याच उशिरा.

तोवर, घरात असा रुग्ण असेल तर निदान एवढे करावे. डिस्चार्ज कार्डाची प्रत घेऊन पहिल्या आठवड्यातच जवळच्या डॉक्टरांना भेटावे, आणि एकदा तरी घरी येऊन रुग्णाला जेवताना पाहा, अशी त्यांना विनंती करावी.