खोक्यावरची तीन अक्षरं

आज रावेरला मामांच्या पॅकहाऊसवर गेलो होतो. आखातात जाणारा कंटेनर भरत होता. केळीच्या फण्या तुरटीच्या पाण्यातून निघत होत्या, चीक धुतला जात होता. रिकाम्या खोक्यांवर एका बाजूला इंग्रजीत ‘बनाना’, दुसऱ्या बाजूला अरबी अक्षरं. खोके भरणाऱ्या चाचांना विचारलं. त्यांनी ओला हात लुंगीला पुसला, उजवीकडून बोट फिरवत वाचलं, “मीम, वाव, ज़ा. मौज़. म्हणजे केळी.”

मौज़! लहानपणापासून केळीच्या बागेत वाढलो, पण हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला. आपली मौजही मूळची अरबीच, फारसीतून आलेली, पण तिचा तिथला मूळ अर्थ लाट आणि शेवटचं अक्षरही वेगळं.

घरी येऊन शोधत बसलो. अरबीत मौज़ म्हणजे एकूण केळी, आणि एकच केळं असेल तर मौज़ा. आपण नाही का, झाड ती केळ, फळ ते केळं, अनेक झाली की केळी! ‘बनाना’ हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांमधून पोर्तुगीज-स्पॅनिश लोकांमार्फत इंग्रजीत गेला. आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये केळीला जे ‘मुसा’ हे शास्त्रीय नाव दिलं, ते याच मौज़वरून आलं असं मानतात. म्हणजे कृषीच्या पुस्तकात आम्ही घोकलेलं नाव अरबीच निघालं!

रात्री आजीला सांगितलं. तिने दोनदा म्हणून पाहिलं, “मौज़... मौज़ा.” मग विचारलं, “आन् घडाले काय म्हनता रे तिकडे?”

उद्या चाचांना विचारतो.