रिब्जचा रब आणि सॉस ठरवताना मी आधी आंबट निवडलं

कॅन्सस सिटीतल्या कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात बार्बेक्यू सॉसच्या बाटल्यांची एक अख्खी रांग असते आणि रबच्या, म्हणजे मांसाला चोळायच्या कोरड्या मसाल्याच्या, डब्यांची त्याहून लांब. चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, घरी वीस-पंचवीस माणसं जेवायला यायची होती. निम्मी ऑफिसातली, बहुतेक इथेच वाढलेली, आणि निम्मी मराठी मंडळातली. डुक्कर न खाणाऱ्यांसाठी चिकन वेगळ्या शेगडीवर करायचं ठरलं. रिब्जचं, म्हणजे डुकराच्या बरगड्यांचं, सगळं मात्र मी स्वतःकडे घेतलं, आणि रब-सॉस निवडायला जवळजवळ अख्खा वसंत ऋतू गेला.

मी वसईची. आमच्याकडे सणाला पोर्क इंदियाल होतं: मिरची, लसूण, जिरं व्हिनेगरमध्ये वाटायचं आणि चरबीचं मांस त्यात शिजवायचं. त्यामुळे डुकराच्या चरबीला आंबटाची जोड लागते, हे जिभेला लहानपणापासून माहीत. इथल्या बाटल्यांवरचे घटक वाचायला लागले तर पुष्कळ ठिकाणी पहिलं नाव साखरेचं नाही तर कॉर्न सिरपचं. कॅन्सस सिटीचा सॉस म्हणजे दाट, गोड, तपकिरी, असं देशभर समजतात.

या शहराची जुनी चव मात्र तशी नाही, आणि हे कळल्यावर माझी निवड सोपी झाली. इथल्या बार्बेक्यूचा जनक मानतात तो हेन्री पेरी टेनेसीतल्या मेम्फिसजवळच्या भागातून आला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो धुरावरचं मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकायचा, आणि त्याचा सॉस चांगलाच झणझणीत होता असं सांगतात. त्याच्यानंतर धंदा चार्ली ब्रायंटकडे आणि मग त्याचा भाऊ आर्थरकडे गेला. अठराव्या रस्त्यावर ब्रुकलिन अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर ‘आर्थर ब्रायंट्स’ हे त्यांचं हॉटेल आजही आहे. तिथला मूळ सॉस पातळसर, व्हिनेगर आणि पॅप्रिकाचा (सौम्य लाल मिरचीची पूड), जिभेवर किंचित रवाळ लागणारा. १९४६ पासूनच्या ‘गेट्स’ या इथल्याच हॉटेलचा सॉससुद्धा गोडाच्या मागे धावत नाही. दाट गोड सॉस देशभर पोचला तो ‘केसी मास्टरपीस’मुळे. रिच डेव्हिस नावाच्या बालमनोविकारतज्ज्ञाने तो १९७७ मध्ये बाजारात आणला. तो सॉस वाईट नाही, मुलांना फार आवडतो. पण रिब्जच्या चौथ्या हाडाला हात थांबतो. ब्रायंटचा सॉस असला की थांबत नाही.

मेम्फिसची पद्धत मी तिथे जाऊन खाल्ली. ‘रॉंदेव्हू’ हे १९४८ पासूनचं ठिकाण, गल्लीत, तळघरात. तिथे रिब्ज धुरात तासन् तास ठेवत नाहीत, कोळशाच्या आचेवर भाजतात, वरून व्हिनेगरचं पाणी मारतात आणि मसाला शेवटी भुरभुरवतात. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मोठ्या आचेवर पॅप्रिका, लसूण पूड आणि साखर करपून कडू होतात. साखर साधारण १६० अंश सेल्सिअसला रंग धरते आणि त्यापुढे लवकरच जळते. माझा स्मोकर, म्हणजे मंद धुरावर मांस शिजवायची भट्टी, १०७ ते १२० अंशांवर चालतो, तिथे ती भीती कमी. म्हणजे रब निवडण्याआधी आपली आच कोणती हे ठरवायला हवं. डब्यावर लिहिलेल्या नावाने त्याचा निर्णय होत नाही.

शेजारचे गृहस्थ कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीचे पंच आहेत. स्पर्धेत रूप, चव आणि मऊपणा अशा तीन गोष्टींना गुण देतात. मांस हाडावरून आपोआप गळून पडलं तर ते जास्त शिजलं असं धरतात. घास जिथे घेतला तेवढंच मांस निघावं आणि दाताची खूण उरावी. त्यांनी मला एक गोष्ट पटवून दिली: रब आणि सॉस वेगवेगळे निवडू नकोस, दोन्ही मिळून एकच निर्णय आहे. सॉस गोड असेल तर रबमधली साखर काढ. सॉस आंबट असेल तर रबमध्ये चिमूटभर गोड चालेल. दुकानातला गोड रब आणि वर गोड सॉस ही जोडी तर त्यांना मुळीच मान्य नाही. आता मलाही नाही.

चव घेण्याची रीतही त्यांचीच. एका रॅकचे (बरगड्यांच्या अख्ख्या पट्टीचे) तीन-तीन हाडांचे तुकडे करायचे, प्रत्येकावर वेगळा रब, सगळे एकाच वेळी स्मोकरमध्ये. सॉस चमच्याने चाटून ठरवायचा नाही. तो कोमट करून मांसाबरोबरच खायचा. थंड सॉसमध्ये गोडी दबते, आणि चमच्यावर झकास लागलेला सॉस चरबीबरोबर सपक पडतो.

मिठाने सर्वांत जास्त वेळ घेतला. बाजारच्या बहुतेक रबमध्ये मीठ असतंच, त्यामुळे मसाला वाढवला की खारटपणा वाढतो. मी दोन्ही वेगळे केले. मीठ वजनावर, हाडांसकट वजनाच्या साधारण एक टक्का, आदल्या रात्री लावून फ्रिजमध्ये. मीठ आत मुरतं, मसाला वरच राहतो, म्हणून मसाला दुसऱ्या दिवशी लावला तरी काही बिघडत नाही. मीठ चमच्याने मोजायचं असेल तर कंपनी बदलू नका: ‘डायमंड क्रिस्टल’चं जाड कणांचं कोशर मीठ इतकं हलकं असतं की तेवढ्याच चमच्यात साधं बारीक मीठ वजनाने दुप्पट भरतं. आणि पाकिटावर ‘सोल्युशन’ टोचल्याचं लिहिलं आहे का ते बघा. इथे बरंचसं डुकराचं मांस खारं पाणी टोचून विकतात. त्याला माझं माप लावलं तर ते खाववणार नाही.

मसाल्यात शेवटी उरलं ते एवढंच: गोड पॅप्रिका चार भाग, जाडसर काळी मिरी दोन, लसूण पूड एक, मोहरीची पूड एक, जिरं अर्धा. तिखटासाठी घरचं लाल तिखट अर्धा भाग. अमेरिकन पाककृतीतली ‘चिली पावडर’ घेतलीत तर तिच्यात जिरं, ओरेगॅनो आणि लसूण आधीच मिसळलेलं असतं, मग बाकीची मापं कमी करा. टेक्सासवाल्यांसारखं नुसतं मीठ-मिरी बीफला पुरतं, डुकराच्या रिब्जला मला ते अपुरं वाटलं. बाटली मसाला, आमच्या वसईकडचा घरगुती मसाला, रबमध्ये घालून पाहिला. हिकरीच्या लाकडाच्या धुरात त्याचा वास हरवतो आणि कच्चा राहतो. त्याला तेल हवं.

सॉसमध्ये पूर्व नॉर्थ कॅरोलायनाचा, नुसत्या व्हिनेगर-मिरचीचा, मला सगळ्यांत जवळचा वाटला. पण तो रिब्जवरून ओघळून जातो, त्याची खरी जागा तंतू सुटे केलेल्या मांसात आहे. साउथ कॅरोलायनाचा पिवळा मोहरीचा सॉस उत्तम, तरी सगळ्यांना तो रुचेल याची खात्री नव्हती. अलाबामातला बिग बॉब गिब्सनच्या घराण्याचा पांढरा मेयोनेझ-व्हिनेगरचा सॉस मी चिकनसाठी ठेवला.

रिब्जसाठी घरीच केला. दोन चमचे तेलात छोटा चमचा बाटली मसाला मंद परतला, त्यात एक कप केचप, पाऊण कप ॲपल सायडर व्हिनेगर, दोन मोठे चमचे मोलॅसिस (काकवीसारखा दाट पाक), एक मोठा चमचा मोहरीचा सॉस आणि एक चमचा वूस्टरशायर सॉस. वूस्टरशायरमध्ये चिंच असतेच, त्यामुळे वेगळी घातली नाही. वीस मिनिटं उकळून रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी व्हिनेगरचा झणका कमी होतो आणि चव एकजीव होते.

त्या दिवशी सेंट लुइस कटचे, म्हणजे कडा छाटून चौकोनी केलेले, रॅक घेतले. हाडांच्या बाजूचा पापुद्रा कागदी रुमालात धरून ओढून काढला, नाहीतर तो चिवट राहतो. हिकरीबरोबर थोडं सफरचंदाचं लाकूड, साधारण साडेपाच तास. चिमट्याने एका टोकाला उचलल्यावर रॅक वाकून वरचा थर तडकायला लागला, तेव्हा ब्रशने सॉसचा पातळ थर दिला आणि अर्धा तास आणखी ठेवला. एक रॅक मुद्दाम कोरडाच ठेवला, मेम्फिसच्या रीतीने वर शेवटी मसाला भुरभुरवून.

कोरडा रॅक आधी संपला. मंडळातल्या बायकांनी सॉसची वाटी जवळ ओढली, ऑफिसातल्यांनी बाटली मसाल्याचं विचारलं, आणि मुलांसाठी गोड सॉसची बाटली टेबलावर होतीच. शेजारच्या पंचांनी सॉसमध्ये मोलॅसिस अजून अर्धा चमचा कमी चालेल असं सांगितलं. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीला तसा करणार आहे.