१२ बाय १८

गॅरेज म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ग्रीसने माखलेला मेस्त्री येतो. आणि त्याचं ते कायमचं वाक्य, "संध्याकाळी या काका, होऊन जाईल." त्यामुळे मुलीकडे कॅलिफोर्नियात असताना जावईबापू म्हणाले, "चला बाबा, एक गॅरेज दाखवतो," तेव्हा मला वाटलं, गाडी बिघडली.

पालो आल्टोतली शांत गल्ली. अॅडिसन अॅव्हेन्यू, ३६७ नंबर. समोर जुनं घर, बाजूने आत जाणारी वाट आणि तिच्या टोकाला लाकडी फळ्यांची एक खोली. १२ फूट बाय १८. आत सोडत नाहीत. फुटपाथवरून दर्शन घ्यायचं. बाहेरच्या पाटीवर लिहिलंय, सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान.

एचपी, म्हणजे ह्यूलेट-पॅकार्ड ही कॉम्प्युटर-प्रिंटरवाली कंपनी इथे सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांनी १९३८ साली ४५ डॉलर महिन्याने ही जागा भाड्याने घेतली होती. डेव्हिड पॅकार्ड आणि त्यांची बायको लुसील खालच्या मजल्यावर राहायचे. बिल ह्यूलेट अंगणातल्या खोपटात झोपायचे. कंपनीच्या नावात आधी कोण, ते नाणं उडवून ठरलं. त्यांचं पहिलं यंत्र होतं ध्वनीच्या चाचणीसाठी लागणारा ऑसिलेटर, आणि त्याचा सिग्नल स्थिर ठेवायला आत चक्क एक छोटा बल्ब. त्याची सुधारलेली ८ यंत्रं डिस्नेने 'फँटेशिया' या कार्टूनपटासाठी घेतली.

मला मात्र या सगळ्यात लुसीलबाईंचा ओव्हन आवडला. यंत्राच्या पत्र्यांवरचा रंग हे दोघे त्यांच्या स्वयंपाकघरात भाजून पक्का करायचे! मी एकदा भिजलेलं पाकीट तव्यावर वाळवलं होतं. आमच्याकडे तो विषय अजून मिटलेला नाही.

१९४० मध्ये कंपनी मोठ्या जागेत गेली. १९८७ साली कॅलिफोर्निया राज्याने गॅरेजला ऐतिहासिक स्थळ ठरवलं. २००० मध्ये कंपनीने हे घर १७ लाख डॉलरना विकत घेतलं आणि २००५ पर्यंत घर, गॅरेज, खोपट सगळ्याचा जीर्णोद्धार केला. आमच्या गावच्या देवळाचाही झालाय. काळ्या दगडावर गुलाबी ऑइलपेंट, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स आणि देणगीदारांच्या नावांची भिंत. इथे उलटी तऱ्हा. एवढा पैसा ओतला तो खोली १९३९ सालीच थांबल्यासारखी दिसावी म्हणून. खर्च झालेला कुठे दिसत नाही, हाच म्हणे कामाचा दर्जा. आमच्या विश्वस्तांना हे पटवायला कोण जाणार!

घरी आलो. जावईबापूंनी रिमोट दाबला, दार वर गेलं. आत गणपतीचं मखर, कणकेच्या पिशव्या, व्यायामाची सायकल, टीव्हीचे रिकामे खोके.

"यातलं काही टाकायचंय का?" मी विचारलं.

"छे हो बाबा, सगळं लागतं."

गाडी बाहेर उन्हात उभी केली आणि आम्ही चहाला आत गेलो.